क्षेपणास्त्र-संरक्षणाचं सरकारी टेंडर भरताना : हंट्सविलहून काही नोंदी

हंट्सविलकर

नमस्कार मंडळी. मागच्या गणपतीत मंडळातल्या एका काकांनी विचारलं, "तू नक्की करतोस काय रे?" मी "रॉकेटच्या कंपनीत आहे" म्हणून सुटलो. खरं म्हणजे गेल्या अठरा वर्षांत मी रॉकेटला बोटही लावलेलं नाही. मी प्रपोजलं लिहितो. सरकार म्हणतं, आम्हाला अमुक यंत्रणा हवी, कोण करून देतो? त्यावर हजारभर पानांचं उत्तर जातं. ते उत्तर वेळेत, नियमात आणि एका सुरात तयार करवून घेणं हा माझा धंदा.

आधीच सांगतो, कंपनीचं नाव, चालू काम, कुणाची किंमत यातलं काही इथे येणार नाही. लिहितोय ते सगळं जाहीर झालेलं किंवा कुठल्याही प्रपोजलला लागू पडणारं.

अलाबामातलं हे हंट्सविल म्हणजे चंद्रावर गेलेलं सॅटर्न-५ जिथे घडलं ते गाव. शेजारच्या रेडस्टोन आर्सेनल छावणीत मिसाइल डिफेन्स एजन्सीचं, म्हणजे क्षेपणास्त्र-संरक्षणाच्या सरकारी खात्याचं, मोठं बिऱ्हाड आहे. त्यामुळे वाण्याच्या रांगेत तुमच्या पुढचा माणूस टेंडर काढणारा आणि मागचा तेच टेंडर भरणारा, असं सहज होतं. टेंडर निघालं की दोघं हवापाण्यावर बोलतात, बाकी तोंडाला कुलूप.

उदाहरण म्हणून जीएमडी घ्या. लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र अमेरिकेवर आलंच, तर ते वातावरणाबाहेर गाठून नुसत्या धडकेनं फोडायचं, अशी ही यंत्रणा. तिची क्षेपणास्त्रं जमिनीत पुरलेल्या सायलोंमध्ये, म्हणजे खोल नळकांड्यांत, उभी असतात : अलास्कात फोर्ट ग्रीलीला ४० आणि कॅलिफोर्नियात व्हॅन्डनबर्गला ४. १९९८ पासून काम बोइंगकडे होतं. पुढच्या टप्प्यासाठी सरकारनं खुली स्पर्धा लावली. एका बाजूला बोइंग आणि नॉर्थ्रॉप ग्रमन, दुसऱ्या बाजूला लॉकहीड मार्टिन आणि रेथिऑन. ३० डिसेंबर २०११ ला निकाल लागला : बोइंग, सात वर्षं, ३.४८ अब्ज डॉलर. त्या नाताळात गावात कुणाच्या घासाला चव नव्हती. मीही त्यातल्या एका बाजूला होतो. कुठल्या, ते सोडा.

आता हे उत्तर तयार कसं होतं? टेंडरच्या कागदाला इथे आरएफपी म्हणतात. त्यात सेक्शन सी म्हणजे काम काय करायचं, सेक्शन एल म्हणजे उत्तर कसं लिहायचं, आणि सेक्शन एम म्हणजे गुण कसे देणार. म्हणजे बोर्डाच्या पेपरासोबत मॉडरेटरची गुणदान योजनाच हातात देतात! तरी लोक नापास होतात, आणि जास्तीत जास्त नापास होतात ते हुशार. प्रश्न असतो "सायलोतली आर्द्रता वाढली तर कोण, किती वेळात, कशानं ओळखेल?" आमचे पीएचडी साहेब आर्द्रतेवर बारा पानं लिहून आणतात. कोण, किती वेळात, कशानं, हे तिन्ही गायब. आंब्याच्या झाडाचे उपयोग विचारले, तर आजोबांच्या बागेवर निबंध.

म्हणून पहिल्या दिवशी आम्ही एक अक्षर लिहीत नाही. आरएफपीतलं प्रत्येक "शॅल", म्हणजे "केलंच पाहिजे" असं कलम, उपटून तक्त्यात टाकतो. एका "शॅल"ला एक ओळ. पुढे उत्तर कुठल्या व्हॉल्यूममध्ये (खंडात), कुठल्या पानावर, कोण लिहिणार. याला कम्प्लायन्स मॅट्रिक्स म्हणतात. माझा एक तक्ता अकराशे ओळींवर गेला होता. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मी लढाई तिथेच होते.

बाकीचं उद्या टंकतो.

---

प्रश्नांकित

रुमाल टाकून ठेवतो. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

सदाशिवपेठी

म्हणजे साडेतीन अब्ज डॉलर मिळतात ते रॉकेट उडतं म्हणून नव्हे, तर पानाचा नंबर बरोबर टाकला म्हणून. अमेरिका आपल्याला वाटली तितकी परकी नाही. (हलकं घ्या.)

---

भोसरी_लेथवाला

दादा, भारी विषय. माझं भोसरी एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, दोन सीएनसी आणि एक जुनी लेथ. एका सरकारी क्षेपणास्त्र कारखान्याला माल देणाऱ्या मोठ्या व्हेंडरला आम्ही पार्ट देतो. मागच्या वर्षी म्हटलं, मधला माणूस नको, थेट भरू. टेक्निकल बिड आणि प्राइस बिड अशी दोन पाकिटं ऑनलाइन टाकायची होती. पोरानं दरांची शीट चुकून टेक्निकलच्या फोल्डरमध्ये चढवली. उघडल्याबरोबर बाद. पार्टबद्दल एक शब्द नाही. सॅम्पल करायला टायटॅनियमचा बार आणला होता, तो अजून कपाटावर आहे.

तर माझा प्रश्न, हे तक्ता प्रकरण आमच्यासारख्या सहा माणसांच्या शॉपला झेपेल का?

---

हंट्सविलकर

@भोसरी_लेथवाला, झेपेल काय, तुम्हालाच जास्त गरज आहे. आमच्याकडे चूक पकडायला चाळीस माणसं असतात. थोडं पुढचं लिहितो, मग तुमच्याकडे येतो.

पानमर्यादा. सेक्शन एलमध्ये लिहिलेलं असतं, तांत्रिक व्हॉल्यूम अमुक पानं, टाइप अमुक, समास अमुक. मर्यादेपुढचं पान परीक्षक वाचतच नाहीत, काढून ठेवतात. मग लोक चलाखी करतात, मजकूर आकृतीत कोंबतात. आरएफपी काढणारेही याच गावचे. आकृतीतल्या अक्षराचा आकारही ते लिहून ठेवतात. माझं एक आख्खं आयुष्य "दॅट" हा शब्द खोडून ओळ वाचवण्यात गेलं.

मग रंगपंचमी. पिंक टीम आराखडा वाचते. रेड टीम जवळजवळ पूर्ण मसुदा वाचते. गोल्ड टीम म्हणजे वरची साहेब मंडळी, सही करण्याआधी किंमत आणि जोखीम बघणारी. यात जीव रेड टीमचा. ज्यांनी एक ओळही लिहिलेली नाही अशी माणसं आणायची, सेक्शन एम हातात द्यायचा आणि सांगायचं की तुम्ही आता सरकार, द्या गुण. पाच आठवडे जागून लिहिलेलं लेकरू तिसऱ्या दिवशी लाल शाईत न्हाऊन परत येतं. लेखक मंडळी रुसतात. एक ज्येष्ठ इंजिनियर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. नंतर त्यांनी तोच भाग पुन्हा लिहिला, सहा पानांचा अडीच पानांत, आणि तो सगळ्या व्हॉल्यूमातला सर्वांत चांगला झाला.

त्याआधी एक ब्लॅक हॅट बैठक असते. आपल्यातल्याच काहींनी प्रतिस्पर्धी व्हायचं आणि आपल्याला हरवायचं. मला ही फार आवडते, कारण एरवी गप्प बसणारी माणसं त्या दिवशी खरं बोलतात.

हे सगळं बिनखिडकीच्या खोलीत. फोन बाहेरच्या खणात. भिंतीवर पानं टाचलेली, म्हणजे चालत चालत आख्खं प्रपोजल वाचता येतं. कोविडात भिंत गेली आणि स्क्रीन आला. एप्रिल २०२० मध्ये जीएमडीच्या नव्या इंटरसेप्टरचं (येणारं क्षेपणास्त्र गाठणाऱ्या क्षेपणास्त्राचं), म्हणजे एनजीआयचं टेंडर निघालं, तेव्हा सगळी दुनिया घरात बसली होती. ते का निघालं, तर इंटरसेप्टरच्या टोकावरच्या नव्या धडक-यानाचा आधीचा प्रकल्प, आरकेव्ही, ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारनं बंद केला होता. तोवर त्यावर १.२ अब्ज डॉलर गेले होते. मार्च २०२१ मध्ये नॉर्थ्रॉप आणि लॉकहीड या दोघांना स्वतंत्र करार मिळाले, आणि वीसेक वर्षं ज्यांच्याकडे यंत्रणा होती ते बोइंग बाहेर राहिलं. एप्रिल २०२४ मध्ये दोघांतून लॉकहीडची निवड झाली. "आपणच तर करतोय, आपल्यालाच मिळणार" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगतो.

---

मीनाक्षी_व्हर्जिनिया

+१. मी प्रपोजल एडिटर आहे, वीस वर्षं. एक भर घालते. बाहेरच्यांना वाटतं आम्ही भाषा सुधारतो. भाषा शेवटी. आधी मी वाक्याला विचारते, "मग काय?" इंजिनियर लिहितो, "आमच्याकडे अत्याधुनिक प्रयोगशाळा आहे." मग काय? "त्यामुळे सॉफ्टवेअरची चाचणी प्रत्यक्ष सायलोला हात न लावता होते." मग काय? "त्यामुळे चाचणीसाठी यंत्रणा बंद ठेवावी लागत नाही." हां, हे लिही, आणि पहिल्या ओळीत लिही. परीक्षकाला तुमची ताकद म्हणून आपल्या अहवालात जसंच्या तसं उतरवता येईल असं वाक्य त्याला आयतं मिळालं पाहिजे. तोही दमलेला असतो, त्याचीही चौथी संध्याकाळ असते, आणि त्याला प्रत्येक गुणाचं लेखी समर्थन द्यावं लागतं.

आणि हो, चार कंपन्या मिळून लिहितात तेव्हा एकाच सुट्या भागाला चार नावं असतात. शब्दांची यादी पहिल्या आठवड्यात केली नाही, तर शेवटच्या रात्री फाइंड-रिप्लेस करताना जी मजा होते ती वैऱ्यालाही नको.

---

प्रश्नांकित

मी एच-१बी या कामाच्या व्हिसावर आहे, एरोस्पेसमध्ये एमएस. या कामात शिरता येईल का?

---

हंट्सविलकर

सध्या नाही. निर्यात-नियंत्रणाचे आयटार नियम असे की तांत्रिक कागद वेगळ्या परवान्याशिवाय "यूएस पर्सन"लाच दाखवता येतात. त्यात ग्रीनकार्डवाले येतात, एच-१बी येत नाही. गोपनीय कामाच्या क्लिअरन्सला तर नागरिकत्वच लागतं. मलाही इथे यायला अकरा वर्षं थांबावं लागलं, तोवर नागरी विमानांच्या कंपनीत मॅन्युअलं लिहीत होतो. तोच सराव पुढे कामी आला.

---

निवृत्त_खडकी

धागा आवडला. मी ३४ वर्षं संरक्षण उत्पादनाच्या गुणवत्ता तपासणीत काढली, आता खडकीला नातवंडं सांभाळतो. आपल्याकडची पद्धत थोडी मांडतो म्हणजे तुलना होईल.

१ ऑक्टोबर २०२० ला आपल्याकडे डीएपी २०२०, म्हणजे संरक्षण खरेदीची नियमावली, लागू झाली. आधी गरजेला मान्यता, एओएन. मग आरएफपी. मग तांत्रिक मूल्यमापन. मग मैदानी चाचण्या, आणि त्या "नो कॉस्ट नो कमिटमेंट" तत्त्वावर, म्हणजे माल आणा, माणसं आणा, स्वखर्चानं डागून दाखवा, सरकार कशालाही बांधील नाही. या सगळ्यातून जे उतरतील त्यांचीच किंमत उघडायची, आणि जो सर्वांत स्वस्त, तो एल-वन. डीएपी २०२० नुसार इंडियन-आयडीडीएम गटात, म्हणजे इथेच आराखडा, विकास आणि उत्पादन झालेल्या मालात, निम्मा तरी ऐवज देशी लागतो.

खांद्यावरून डागायच्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांची खरेदी आठवा. २०१० मध्ये प्रक्रिया निघाली, पाच हजारांवर क्षेपणास्त्रं घ्यायची होती. रशियाचं इग्ला-एस, स्वीडनचं आरबीएस-७० आणि फ्रान्सचं मिस्त्राल. वाळवंटात, समुद्रकाठी, उंच पहाडात चाचण्या झाल्या, पुन्हा झाल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये इग्ला-एस एल-वन ठरलं. हरलेल्यांनी तक्रारी केल्या. तो मोठा करार काही झालाच नाही. आठ वर्षं तीन देशांच्या कंपन्या इथे हॉटेलात राहून गेल्या. उलट रशियाची हवाई संरक्षण यंत्रणा एस-४०० बघा, ऑक्टोबर २०१८ मध्ये ५.४३ अब्ज डॉलरचा करार थेट दोन सरकारांत झाला, टेंडर नाही की एल-वन नाही.

हंट्सविलकर, तुमच्याकडे स्वस्त तोच जिंकतो का?

---

हंट्सविलकर

काका, हा प्रश्न विचारलात, साष्टांग. इथेच दोन्हीकडचा खरा फरक आहे.

जे अजून जन्मालाच आलेलं नाही असं काही बनवायचं असलं, की करार बहुधा कॉस्ट-प्लस असतो. म्हणजे होईल तो रास्त खर्च सरकार देणार, वर फी. आता अशा करारात मी म्हटलं "शंभर रुपयांत करतो" आणि लागले दोनशे, तर भुर्दंड सरकारला. म्हणून सरकार माझा आकडा खराच धरत नाही. त्यांचे लोक बसून हिशेब करतात : या माणसानं सॉफ्टवेअरला चाळीस हजार तास लावलेत, आम्हाला साठ हजार दिसतात, धरा साठ. याला कॉस्ट रियलिझम म्हणतात, आणि तुलना त्या वाढवलेल्या आकड्यावर होते. वर "यांना काम समजलेलंच नाही" असा शेरा तांत्रिक गुणांतही बसतो. म्हणजे फार स्वस्त भरणारा दोन्हीकडून मार खातो.

त्यामुळे किमतीचा व्हॉल्यूम हा माझ्या मते प्रपोजलमधला सर्वांत प्रामाणिक भाग असतो. प्रत्येक कामाला बेसिस ऑफ एस्टिमेट लागतो : हे सहाशे तास कुठून आले? "अनुभवावरून" असं लिहिलं की परत. मागच्या कुठल्या कामात, किती तास लागले, हे काम त्याहून किती अवघड आणि का, हे सगळं मांडायचं. अलास्कात हिवाळ्यात बाहेरचं काम उन्हाळ्याच्या वेगानं होत नाही, ते तासांत दिसलं नाही तर रेड टीम तिथेच बोट ठेवते. सुंदर मराठी निबंध लिहिणारी माणसं इथे गळपटतात, आणि घरचा जमाखर्च लिहिणारी तरतात.

---

सदाशिवपेठी

छान. म्हणजे खर्च जास्त दाखवा, तरच विश्वास बसतो. आणि मग जास्तच होतो. करदात्याच्या बाजूनं कोण बसतं हो त्या बिनखिडकीच्या खोलीत?

---

हंट्सविलकर

टोमणा रास्त आहे. आरकेव्हीचे १.२ अब्ज मी वर लिहिलेच. पण उलट बाजूही बघा. हवाई दलाच्या इंधन भरणाऱ्या विमानांचं, केसी-४६ चं विकासाचं काम बोइंगनं ठराविक किमतीच्या करारावर घेतलं, मर्यादा ४.९ अब्जांची. पुढचा भुर्दंड कंपनीच्या बोडक्यावर आला आणि तो ७ अब्जांच्या वर गेला. करदाता वाचला, विमानं उशिरा आली. दोन्हीपैकी सोपं काहीच नाही. ठराविक किंमत मला मान्य आहे, पण दहावा नग बनवताना. पहिला बनवताना नव्हे.

---

कायदेकानू

त्याच टँकरचा विषय निघालाय म्हणून. फेब्रुवारी २००८ मध्ये ते काम आधी नॉर्थ्रॉप आणि युरोपच्या ईएडीएसला मिळालं होतं. बोइंगनं जीएओकडे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाकडे, दाद मागितली. इथे हरलेल्याला हा हक्क आहे आणि जीएओला १०० दिवसांत निकाल द्यावा लागतो. जून २००८ मध्ये जीएओनं बोइंगची तक्रार ग्राह्य धरली, कारण हवाई दलानं स्वतःच्याच आरएफपीत लिहिलेल्या निकषांप्रमाणे गुण दिले नव्हते. कुणाचं विमान चांगलं हा मुद्दाच नव्हता! पुन्हा स्पर्धा झाली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये काम बोइंगला गेलं. मधे नोव्हेंबर २०१० मध्ये तर हवाई दलाकडून दोन्ही कंपन्यांना एकमेकांची माहिती असलेल्या डिस्क गेल्या. भोसरीकर, फोल्डर चुकणारा तुमचा पोरगा एकटा नाही.

---

भोसरी_लेथवाला

@कायदेकानू 😄 हे पोराला वाचून दाखवलं. लय बरं वाटलं त्याला.

---

अनघा_म

विषय बदलत नाही, पण एक टोचतंय. इतकी हुशार माणसं शस्त्रांच्या कागदांवर आयुष्य घालवतात याचं कुणालाच काही वाटत नाही?

---

मीनाक्षी_व्हर्जिनिया

वाटतं. मी दोन प्रपोजलं नाकारली आहेत. सध्याचं काम घेतलं कारण ते येणारं क्षेपणास्त्र पाडण्याचं आहे, पाठवण्याचं नाही. हा फरक खरा किती आणि माझ्या समाधानापुरता किती, यावर माझं आणि माझ्या मुलीचं दर थँक्सगिव्हिंगला भांडण होतं.

---

प्रश्नांकित

गोल्डन डोम या अमेरिकेच्या नव्या क्षेपणास्त्र-कवच योजनेबद्दल सांगा की. त्यात म्हणे हजार कंपन्यांना कंत्राट मिळालं?

---

हंट्सविलकर

तो शील्ड नावाचा करार. कमाल मर्यादा १५१ अब्ज डॉलर, आणि डिसेंबर २०२५ च्या पहिल्या फेरीतच हजारावर कंपन्या आत घेतल्या. बातम्यांत "कंत्राट मिळालं" असं येतं. खरं म्हणजे मिळाला तो रांगेत उभं राहण्याचा परवाना. कामं पुढे टास्क ऑर्डर म्हणून सुटी सुटी निघणार आणि प्रत्येकासाठी या हजारांतल्या इच्छुकांनी पुन्हा भरायचं. लोकांनी पेढे वाटले. मी म्हटलं, पेढे ठेवा, आता दर महिन्याला रेड टीम आहे.

---

सदाशिवपेठी

सार्वजनिक सत्यनारायण. प्रसाद सगळ्यांना, दक्षिणा एकालाच.

---

निवृत्त_खडकी

@भोसरी_लेथवाला, तुमच्यासाठी थोडं. आकाश क्षेपणास्त्राचं लाँचर आमच्या दिघीच्या डीआरडीओ संस्थेनं टाटा पॉवर आणि एल अँड टी यांच्याबरोबर उभं केलं, आणि त्याखाली तुमच्यासारखी कितीतरी शॉप होती. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून २५ टक्के खरेदीचं सरकारी धोरण आहे, उद्यम नोंदणी असली तर अनामत रकमेतूनही सूट मिळते. पण सूट आपोआप मिळत नाही, तो कागद त्याच जागी जोडावा लागतो. माझ्या टेबलावर आलेले बहुतेक नकार धातूचे नव्हते. टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (धातू कुठल्या ओतणीतला ते सांगणारा) आणि बारवर ठोकलेला हीट नंबर जुळत नाही, असे होते.

---

हंट्सविलकर

काकांनी माझं काम सोपं केलं. भोसरीकर, असं करा. टेंडरची प्रत काढा. जिथे जिथे "बिडर शॅल", "मस्ट", "मँडेटरी" आहे तिथे पेन फिरवा. एक्सेलमध्ये ओळ : कलम, काय मागितलंय, कुठला कागद, कुठल्या पाकिटात, मुदत कधी संपते. पाकिटाचा रकाना वेगळ्या रंगात, तुमची जखम तिथली आहे. आणि भरायच्या तीन दिवस आधी, ज्यानं यातलं काहीच केलेलं नाही अशा माणसाला तो तक्ता आणि फोल्डर देऊन तपासायला सांगा. तुम्ही त्या वेळी खोलीत थांबू नका, उत्तरं द्यायला लागाल.

आणि शेवटच्या तासाला अपलोड करू नका. इथे ठरल्या वेळेनंतर एक मिनिट झालं तरी प्रपोजल उशिराचंच. तिथे पोर्टल त्याच तासाला गोगलगाय होतं.

---

भोसरी_लेथवाला

(नऊ दिवसांनी) धागा वर काढतोय. नवीन टेंडर आहे, ब्रॅकेटचं. तक्ता केला, ६३ ओळी झाल्या. तपासायला बायकोला बसवलं, ती पतसंस्थेत क्लार्क आहे. मला बाहेर चहाला पाठवलं. परत आलो तर तीन ओळी लाल. एक कागद चुकीच्या पाकिटात, म्हणजे पुन्हा तेच! एका पानावर सही नाही. आणि मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागच्या महिन्यात संपलेलं. हे मला शॉपमध्ये रोज समोर दिसतं, भिंतीवर लावलंय.

उद्या सकाळी मायक्रोमीटर घेऊन चाकणच्या लॅबला जातो. मुदत गुरुवारी दुपारी ३ ला आहे.

---

हंट्सविलकर

वहिनींना आमच्याकडे रेड टीमला घेऊ शकत नाही, नागरिकत्व आडवं येतं. मोठं नुकसान आहे आमचं. सर्टिफिकेट आलं की त्यावरचा मायक्रोमीटरचा सिरियल नंबर ताडून बघा, काकांचा हीट नंबर लक्षात ठेवून.

---

भोसरी_लेथवाला

बुधवारी रात्री ९ ला अपलोड झालं. पावतीचा प्रिंट काढून टायटॅनियमच्या बाराखाली ठेवलाय.